काटा थांबेल ती जागा

मांडवीच्या मागच्या गल्लीत दोन गाळ्यांत अकरा माणसं, चौदा वजनकाटे आणि दुधाचा एक फ्रीज कसा मावतो, हे बघायला खरं तर तिकीट लावायला हवं होतं. कुणाला शिंकायचं झालं तर दाराबाहेर जावं लागे. थट्टा नाही, नियमच होता तसा. आत जे काम चालायचं ते एका शिंकेने बिघडणारं होतं.

चाळीस वर्षांपूर्वी तिथे नुसते धोंडू शिवलकर होते आणि त्यांची हत्यारांची पेटी. जेटीवरच्या मासळीवाल्यांचे तराजू, रेशन दुकानांचे काटे, सराफांचे काचेच्या पेटीतले नाजूक काटे, सगळं त्यांच्या हातून जायचं. मग लेक योगिनी पुण्याला शिकून परत आली. परत कशाला आलीस, असं विचारणाऱ्यांना तिने कधी उत्तर दिलं नाही, आणि बरंच केलं. दुरुस्तीच्या जोडीला तिने तपासणी सुरू केली. म्हणजे तुमचा काटा खरं बोलतो की थापा मारतो ते पाहायचं आणि तसा दाखला द्यायचा. आधी काजूवाले आले, मग मासळीच्या कंपन्या, शेवटी औषधांचे कारखाने. त्या औषधवाल्यांसाठी तिने वैशाखात एक नवा काटा घेतला. इतका बारीक, की कागदावर पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं तर त्या शिशाचंही वजन सांगेल.

आता जागा पुरेना. मार्गशीर्षात मान्यता देणारे तपासनीस यायचे होते, त्यांना नवी खोली दाखवायची होती. जागा शोधणं योगिनीला काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते घरचं. धोंडूकाकांनी तिला सांगून टाकलं होतं, "तुझी तू जागा घे. मी नाय येणार तिकडे. माझा हात गेला आता."

आणि हे त्यांच्या डोक्यात घातलं होतं योगिनीनेच. बारीक काट्याची एक शिस्त असते. शंभर ग्रॅमचं एकच वजन रोज चिमट्याने उचलायचं, दहा वेळा काट्यावर ठेवायचं, येतील ते आकडे वहीत लिहायचे. आज काटा शुद्धीवर आहे की नाही ते त्यावरून कळतं. सकाळी साडेअकराला हे काम धोंडूकाकांचं, संध्याकाळी पाचला समीक्षाचं. समीक्षा म्हणजे राजापूरकडच्या नाटे गावची पोरगी, घरच्या मासेमारीच्या दोन होड्या, डोकं तल्लख. तिचे आकडे कायम जागच्या जागी. काकांचे मात्र आठ-दहा दिवस नीट यायचे आणि मग चार-पाच दिवस नुसते नाचायचे. काकांना पंचाहत्तरावं लागलेलं. चहाची बशी धरताना त्यांचा हात थरथरतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं. दोन-तीन महिने योगिनीने काणाडोळा केला. श्रावणात एका औषधवाल्याला दाखला दुसऱ्यांदा करून द्यावा लागला, तेव्हा मात्र ती म्हणाली, "बाबा, बारीक काटा आता समीक्षालाच करू दे."

काका "बरं" म्हणाले. चिमटा फडक्याने पुसला, डबीत ठेवला आणि घरी गेले. घर दुकानाच्या मागेच, चाळीस पावलांवर. पण दुसऱ्या दिवसापासून ती चाळीस पावलं काही त्यांनी टाकली नाहीत. साडेअकराची नोंद तेव्हापासून बंदच पडली, कारण समीक्षा सकाळी बाहेरच्या कामांवर असे. काका भांडले असते, चार शब्द सुनावले असते, तर योगिनीला बरं वाटलं असतं. त्या "बरं"चं काय करायचं हे तिला कळेना.

जागा दाखवायला सलिल नावाचा एजंट होता. पांढरा शर्ट, दोन फोन आणि "ताई, डोळे झाकून घ्या" हे पालुपद. पितृपक्ष चालू होता. या दिवसांत आमच्याकडे जागा बघायला हरकत नसते, टोकन द्यायला असते. तेव्हा आत्ता बघून ठेवा आणि घटस्थापनेला टोकन द्या, असा सलिलचा हिशेब. पहिलीच जागा त्याने मारुती मंदिराजवळ चौथ्या मजल्यावर दाखवली. नवी कोरी इमारत, तीन बाजूंनी काच, आणि काचेपलीकडे लांबवर समुद्राची निळी रेघ. खोटं कशाला बोला, योगिनी भुललीच. नावाची पाटी कुठे लावायची इथपर्यंत तिचं मन पोचलं.

पण आंधळेपणाने जागा घेईल तर ती धोंडूकाकांची लेक कसली. तिने समीक्षाला वर बोलावलं. समीक्षा बारीक काटा तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन गाडीत बसली होती, तशीच तो छातीशी धरून वर आली. काटा टेबलावर मांडला, गरम होऊ दिला, वजन ठेवलं. शेवटचा आकडा कुठे ठरेना. तीन, नऊ, पाच, पुन्हा नऊ.

"खाली एसटी आली वाटतं," समीक्षा काट्यावरची नजर न हलवता म्हणाली. सलिलने काचेतून वाकून पाहिलं. खरंच आली होती.

"ताई, एवढं बारीक कोण बघतं?" तो म्हणाला.

"आम्हीच बघतो. आमचा धंदाच तो."

मग कुवारबावची जागा झाली. तिथे महामार्गावरचा प्रत्येक ट्रक काट्यावर नोंद करून गेला. मग नाचणे भागातली झाली. तिथे खालच्या मजल्यावर जिम निघाली. वर ही माणसं वजन मोजणार आणि खाली ती माणसं वजनं आपटणार, असा सगळा थाट. पाचवी जागा नापास झाली तेव्हा सलिलचं डोकं फिरलं. "मग ताई, तुम्ही एक करा," तो म्हणाला. "हरचेरीच्या वाटेवर सड्यावर माझ्या मामाची जुनी चिरेखाण आहे. चिरे काढायचं थांबवलं, मशीन ठेवायला वर छप्पर घातलं. एका कोपऱ्यात नुसता कातळ आहे. तिथे जाऊन बसा."

त्याने कावून म्हटलं होतं. योगिनीने ते सरळ घेतलं. "चल, बघू," ती म्हणाली, आणि एकादशीच्या सकाळी तिघं सड्यावर गेली.

घरं बांधायला जांभ्याचे चिरे कापून नेले की मागे जी खोली राहते ती कशी असते, हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. वर सपाट सडा, म्हणजे कातळाचं पठार, त्यावरचं गवत पिवळं पडू लागलेलं. आणि एका अंगाला उतारावरून आत शिरावं तर तीन बाजूंना दोन पुरुष उंचीच्या सरळसोट भिंती. बांधलेल्या नव्हेत, कापून उरलेल्या. कापणाऱ्या चाकाच्या आडव्या-उभ्या खुणा वरपासून खालपर्यंत तशाच, वहीच्या चौकटींसारख्या. वर पत्रे. पावसाचं पाणी उताराने बाहेर जातं, त्यामुळे जमीन कोरडी. आणि मधोमध कमरेएवढा एक ओटा. कुणी आणून ठेवलेला नाही. तेवढा कातळ न कापता सोडलेला. जेवणाचे डबे ठेवायला सोडला असेल, सलिल म्हणाला.

समीक्षाने त्या ओट्यावर काटा मांडला. मशीनसाठी घेतलेली वीज होतीच. उघड्या बाजूला त्यांनी ताडपत्री सोडली, अर्धा तास काटा गरम होऊ दिला. मग तिने चिमट्याने वजन ठेवलं आणि पेटीची काच लावली. आकडे धावले, मंदावले, शेवटच्या घरात सात आला.

आणि सातच राहिला.

योगिनीने मनात शंभर मोजले. सात. तिने समीक्षाकडे बघितलं, समीक्षाने तिच्याकडे. या धंद्यातल्या बारा वर्षांत असा थांबलेला काटा योगिनीने पाहिला नव्हता. काटा हे जिवंत जनावर, ते जरा तरी चुळबुळ करणारच, हे ती धरूनच चालली होती. आज ते गप्प झालं होतं. तिने काट्याकडे बघणं सोडलं आणि भिंतीकडे बघितलं, मग खाली पायांकडे. हा ओटा, ही जमीन, हा सगळा सडा, तिथून खाली नदीपर्यंत आणि त्याच्याही खाली कुठवर, कुठे सांधाच नव्हता. तिला दडपल्यासारखं झालं. भीती म्हणाल तर नाही. देवळाच्या गाभाऱ्यात वाकून शिरताना जे होतं ते. सलिलनेसुद्धा फोन खिशात घातला होता.

"ताई," समीक्षा हळूच म्हणाली, "आपल्या दुकानात असा कधी थांबतो?"

"तुझ्या वेळेला थांबतो की."

"इतका नाय. आणि काकांच्या वेळेला..." ती अडखळली. नोंदीची वही बरोबर होती, आजचे आकडे लिहायला आणलेली. समीक्षाने ती ओट्यावर उघडली आणि मागची पानं चाळायला लागली. एका पानावर तिचं बोट थांबलं. मग दुसऱ्या. मग तिने फोनमधली दिनदर्शिका काढली आणि तारखा ताडून बघू लागली, आणि तिचा चेहरा बदलत गेला.

"ही बघा, ताई, आकडे बिघडले ती तारीख. ही अमावास्या. हे पुढचे तीन दिवस. मग नीट. मग परत बिघडले, ही गुरुपौर्णिमा. मग नीट. ही परत अमावास्या. आणि हे काकांचे शेवटचे आकडे, ही नारळी पौर्णिमा. त्या दिवशी आमच्याकडे नारळ टाकला, पण होडी नाय काढली कुणी, एवढं उधाण होतं." तिने वही योगिनीकडे सरकवली. "माझ्या बापाने भरतीची वही लिहिली असती ना, तर अश्शीच लिहिली असती."

योगिनीला एकदम समजलं नाही. समुद्राकाठी जन्म गेला, पण दुकानात बसणाऱ्यांना भरतीशी काय देणंघेणं. समीक्षाने मग समजावून सांगितलं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी भरतं दुपारी बाराच्या सुमाराला, आणि साडेअकराला काका काट्यावर बसलेले. ती बसते पाचला, तेव्हा पाणी पार ओसरलेलं. अष्टमीला भरती संध्याकाळची, पण ती भांगाची भरती, अशक्त. मांडवीच्या बंधाऱ्यापर्यंत ती पोचतच नाही. उधाणाची मात्र येऊन आदळते, आणि बंधारा दुकानापासून किती लांब? गल्ली ओलांडली की झालं.

योगिनी ओट्याच्या कडेला हात टेकून उभी राहिली. वैशाखापासून श्रावणापर्यंत सगळा समुद्र त्या वहीत येऊन आपलं नाव लिहून जात होता. महिन्यातून दोनदा, न चुकता, तिच्या वडिलांच्या अक्षरात. आणि ती शिकलेली बाई, जिल्हाभर दाखले देत फिरणारी, तिने काट्याला विचारलं नाही, जमिनीला विचारलं नाही. सरळ म्हाताऱ्याच्या हातावर बोट ठेवलं. तिला स्वतःची अशी काही लाज वाटली, की सलिलसमोर रडू येऊ नये म्हणून ती ताडपत्रीबाहेर जाऊन उभी राहिली.

सर्वपित्री अमावास्येला गल्ली सामसूम होती. कावळ्यांना पानं ठेवून लोक आपापल्या घरात. योगिनी मागच्या घरी गेली आणि म्हणाली, "बाबा, जरा दुकानात या."

"कशाला?"

"या तर."

काका आले, पण उंबऱ्यातच थांबले. पाहुण्यासारखे. आत टेबलावर बारीक काटा मांडलेला, त्यावर वजन, काच बंद. समीक्षा दाराकडे पाठ करून समोर बसलेली, हात मांडीवर. बारा वाजायला आले होते.

"कुणी हात लावू नका," योगिनी म्हणाली. "बाबा, तुम्ही बंधाऱ्याकडे तोंड करून उभे राहा. लाट आपटली की हात वर करा. समीक्षा, तू आकडा हलला की बोल."

काकांनी लेकीकडे असं पाहिलं, की हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. पण वळून उभे राहिले. गल्लीच्या तोंडातून बंधारा दिसत होता आणि त्यावरून उडणारं पाणी. एक लाट आली, आदळली. काकांचा हात वर गेला.

"आला," आतून समीक्षा म्हणाली.

योगिनी दोघांच्या मध्ये उभी. एकाला आतलं दिसत नव्हतं, दुसरीला बाहेरचं. हात वर, "आला." बारीकशी लाट, काकांनी हात अर्धाच उचलला, समीक्षा म्हणाली, "जरासा." मग एक मोठी आली, गल्लीच्या तोंडापर्यंत शिंतोडे उडाले, आणि काकांचा हात वर जातो न जातो तोच समीक्षाचा आवाज चिरकला, "केवढा आला." योगिनीने खाली पाहिलं. पायाखालची लादी तीच होती, घट्ट, थंड, चाळीस वर्षांची. तिला काही जाणवत नव्हतं, काकांना जाणवत नव्हतं. तरी ती हलत होती. हे दुकान, ही गल्ली, सगळी मांडवी प्रत्येक लाटेला हलत होती आणि वर माणसं निवांत जेवत होती. किती वर्षं, कोण जाणे.

वीस-बावीस लाटा झाल्या. काकांनी हात खाली घेतला आणि उंबऱ्याच्या आत आले. काट्यासमोर वाकून ते बराच वेळ ते आकडे बघत राहिले. आकडे चढत होते, उतरत होते, श्वास घ्यावा तसे.

"हा समुद्र?" त्यांनी विचारलं.

"समुद्रच, काका," समीक्षा म्हणाली, आणि वहीतल्या सगळ्या तारखा त्यांना वाचून दाखवल्या. ते ऐकत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा कठीणच होता.

"बाबा, तुमचा हात चांगला आहे," योगिनी म्हणाली.

"असं कुठे ठरलं?" काका तिच्याकडे वळले. आवाजात तो जुना, दुकानातला कडकपणा. "समुद्र हलतो एवढं ठरलं. त्यावर हातही हलत असेल. एक खोटं सापडलं म्हणजे दुसरं खरं होतं काय गो? हे शिकवलं मी तुला?" मग जरा थांबून म्हणाले, "उद्या प्रतिपदा. उधाण आजच्याहून मोठं असणार. तुझा तो कातळ थांबतो म्हणतेस ना? मग उद्या भरतीलाच ने मला तिथे. भर भरतीला."

योगिनी त्या दिवशी जेवली नाही. काकांचं म्हणणं खरंच होतं आणि तेच भयंकर होतं. उद्या त्या थांबलेल्या काट्यावर आकडा नाचला, तर काकांच्या हाताला समुद्राचाही आडोसा राहणार नव्हता.

घटस्थापनेच्या दिवशी बाराच्या आधी सगळे खाणीत उतरले. काका भिंतीवरून तळवा फिरवत फिरवत आले. ओट्याजवळ उभे राहिले, कुठे सांधा लागतो का म्हणून त्याच्या मुळाशी बूट लावून बघितला. सलिल ताडपत्रीपाशी शहाण्यासारखा उभा होता. आज त्याने एकदाही डोळे झाकून घ्यायला सांगितलं नाही.

काकांनी चिमटा उचलला. हात हलत होता. सगळ्यांना दिसत होतं. चिमट्याचं टोक हवेत थरथरत होतं आणि त्यात धरलेलं वजन चमकत होतं. हात पुढे गेला, पेटीच्या दारातून आत शिरला, आणि काट्याच्या तबकाच्या वर पोचला तसा शांत झाला. कसा झाला ते देव जाणे. चाळीस वर्षं तो हात त्या शेवटच्या बोटभर अंतरात शांत होत आला होता, आणि आजही झाला. वजन अगदी मधोमध टेकलं. चिमटा सुटला. हात बाहेर आला आणि पुन्हा थरथरायला लागला.

"सात," समीक्षा म्हणाली.

दुसऱ्यांदा. "सात."

तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा आठ आला, तेव्हा कुणी हललं नाही. एवढा फरक समीक्षाच्या आकड्यांतही असायचा. मग पुन्हा सात. काका घाई करत नव्हते. प्रत्येक वेळी वजन काढायचे, काटा शून्यावर येऊ द्यायचे, पुन्हा ठेवायचे. दहावा आकडा समीक्षाने मोठ्याने सांगितला तेव्हा ते काट्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी चिमटा खाली ठेवला होता आणि उघडा तळवा कातळावर टेकवला होता.

"तिकडे मांडवीला आत्ता समुद्र थैमान घालत असेल," ते म्हणाले. "आणि इथे काय नाय. बघ गो, काय म्हणजे काय नाय."

"बाबा, मी चुकले," योगिनी म्हणाली.

"तू चुकलीस. मी त्याहून चुकलो. तू सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं. जन्मभर लोकांना सांगितलं, काट्याला दोनदा विचारल्याशिवाय कुणाला खोटं म्हणू नका. आणि स्वतःच्या हाताला मी एकदासुद्धा विचारलं नाय." ते हसले. श्रावणापासून पहिल्यांदाच हसले. "आपण समुद्र तोलत होतो एवढे दिवस. तोलला की नाय? समुद्र तोललेला माणूस दाखव मला दुसरा."

सलिलने संधी साधली. आज मुहूर्त आहे, मामा घरीच आहे, असं काहीबाही तो हळू आवाजात म्हणाला. योगिनीने डोळे पुसले आणि वडिलांना विचारलं, "घ्यायची का ही जागा?"

"ते तुझं तू बघ. धंदा तुझा आहे," धोंडूकाका म्हणाले. ते वजन काढून डबीत ठेवत होते. "मला एवढंच सांग, इथे यायला गाडी रोज किती वाजता निघणार?"

समीक्षाच पटकन म्हणाली, "साडेनऊला, काका."